जिन्याखालची मनी आणि तिचा हिशेब

दर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज येतो. ‘बी विंगच्या जिन्याखाली पुन्हा मांजर व्याली आहे. वास मारतोय. कोणीतरी पिल्लं मच्छी मार्केटला सोडून या.’ त्याखाली सातआठ अंगठे उमटतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कळवतात, ‘मी बशीत दूध ठेवलंय हो.’ सोडून या म्हणणारे काही दुष्ट नाहीत, काकू तर नाहीतच. पण दोघांचाही हिशेब चुकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात मेसेज पुन्हा येतो.

आधी मनीचा हिशेब बघू.

मांजराची मादी चारपाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. आपण तिला अजून ‘पिल्लू’ म्हणत असतो आणि ती गाभण राहिलेली असते. गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे दोन महिने. एका वेतात तीनचार पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाच मनी पुन्हा माजावर येऊ शकते. मांजराचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. युरोपात हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, तेव्हा निसर्गच काही महिने सुट्टी देतो. मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. मनीला सुट्टी अशी फारशी नाहीच.

त्यात आणखी एक गंमत. गाय, कुत्री किंवा बाई यांच्यात बीज ठरल्या वेळी सुटतं, नर असो वा नसो. मांजरात समागम झाला की त्यामुळे बीज सुटतं. त्यामुळे वेळ चुकण्याचा प्रश्न फार कमी येतो. माजाच्या चारपाच दिवसांत तीन बोके येऊन गेले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. एक पिल्लू काळं, एक बांडं, एक वाघासारखं पट्ट्यापट्ट्यांचं दिसलं की ‘ही दुसऱ्या कोणाची पिल्लं तर नाहीत?’ असं लोक विचारतात. आई तीच असते.

रंगांचं निघालंच आहे तर एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकते. मांजराच्या भगव्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. अंगावर काळा आणि भगवा दोन्ही रंग दिसायला साधारणपणे दोन एक्स लागतात, म्हणून काळं-पांढरं-भगवं असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. सोसायटीत कोणाचं ऑपरेशन आधी करायचं हे लांबून ठरवताना ही खूण कामी येते.

आता ‘एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरं’ हा जो आकडा फिरत असतो, तो विसरून जा. कागदावरचा गुणाकार आहे तो. तसं असतं तर आपल्याला रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नसती. खरं काय होतं ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसतं: मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांच्या आत मेली किंवा बेपत्ता झाली. चारातली तीन. आपल्या जिन्याखाली चित्र फार वेगळं नाही. गाडीचं चाक, कुत्रे, पाऊस, जुलाब. मांजरांची संख्या ‘तेवढीच तर आहे’ असं जेव्हा वाटतं, तेव्हा ती तेवढीच राहण्याची ही किंमत असते, आणि मनी ती वर्षातून दोनतीनदा मोजते.

मच्छी मार्केटला सोडून आलं की काय होतं

बी विंगचा जिना कोरडा आहे, बाजूला कचऱ्याचे डबे आहेत, मीटररूममध्ये उंदीर आहेत, आणि सकाळी मासळीवाली येते तेव्हा डोकी नि शेपट्या मिळतात. मनी तिथे राहते ती यासाठी. मनीला उचललं तरी जिना, डबे, उंदीर आणि मासळीवाली जागेवरच राहतात. मनी इतके दिवस ज्या मांजरांना हाकलून लावत होती, ती शेजारच्या गल्लीतून महिनाभरात येतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जंगलात मोकाट वाढलेली मांजरं थोडीथोडी मारून पाहण्याचा प्रयोग झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा कळलं की मारणं सुरू असताना त्या भागात दिसणारी मांजरं कमी होण्याऐवजी वाढली होती. बाहेरून नवी आली होती.

उचललेल्या मांजराचं काय होतं हे बघायला सहसा कोणी थांबत नाही. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं. नव्या ठिकाणी तिथली मांजरं त्याला जेवणाजवळ फिरकू देत नाहीत, आणि ते जुन्या जागेच्या शोधात रस्ते ओलांडत सुटतं. पिल्लं असतील तर सरळ उपाशी मरतात.

कायद्यातही हे बसत नाही. प्राणी उपाशी-तहानेला राहील अशा अवस्थेत त्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत, १९६० चेच रुपये अजून चालू आहेत. मात्र मांजराला विष घालणं, मारणं किंवा जायबंदी करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं आणि तिथे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मीटिंगमध्ये कोणी ‘औषध टाकू या का’ असं हळूच विचारलं तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

पकडा, ऑपरेशन करा, तिथेच परत सोडा

जगभर चालणारी साधी पद्धत हीच. जागेवर मांजर राहतं, पण व्यायचं थांबतं, आणि ओळखीचं मांजर असल्याने नव्यांना शिरू देत नाही. बोके रात्री भांडायचे आणि भिंतीवर उग्र वासाचे फवारे मारायचे बरेच कमी होतात. व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या तक्रारी खरं तर या दोन गोष्टींच्याच असतात.

सगळ्यात अवघड काम असतं पकडण्याचं. माणसाळलेली मनी टोपलीत घालून नेता येते. हात न लावू देणारीसाठी पिंजरा लागतो, आणि घाई अजिबात चालत नाही. आठवडाभर रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खाणं ठेवायचं. मग पिंजरा आणून दार बांधून उघडं ठेवायचं आणि खाणं आत सरकवत न्यायचं. ती बिनधास्त आत जाऊन जेवू लागली की मगच एक दिवस दार पडू द्यायचं. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. पोत्यात भरणं, मानगूट धरून उचलणं हे उद्योग करू नका. घाबरलेलं मांजर हाडापर्यंत चावतं, आणि मग मांजराआधी तुमची वरात दवाखान्यात जाते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून मोठ्या मांजराला खाणं बंद, म्हणजे भूल दिल्यावर उलटी श्वासात जात नाही. लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्याची साखर उतरते. वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मादीचं गर्भाशय आणि बीजकोश काढतात, बोक्याचे वृषण काढतात. बोक्याचं काम काही मिनिटांचं असतं आणि तो बहुधा दुसऱ्या दिवशी सोडता येतो. मादीच्या पोटाला टाके असतात, तिला काही दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवावं लागतं. ही जागा कोण देणार, हे मांजर पकडायच्या आधी ठरलेलं हवं. आमच्याकडे पहिल्या वेळी हे ठरलं नव्हतं, आणि मनीने चार रात्री आमच्या बाथरूममध्ये काढल्या. आम्ही आंघोळीला शेजारी जात होतो.

भुलीतच तिच्या एका कानाचं टोक सरळ छाटतात. लोकांना ते क्रूर वाटतं. पण मादीवर झालेलं ऑपरेशन केस वाढल्यावर बाहेरून दिसत नाही. खूण नसेल तर पुढच्या वर्षी कोणीतरी दुसरा भला माणूस तिला पकडेल, आणि डॉक्टर पुन्हा पोट उघडून आत काही नाही हे बघतील.

पिल्लं पाजणाऱ्या आईचं काय? पिल्लं पाचसहा आठवड्यांची होऊन खाऊ लागेपर्यंत थांबलेलं बरं. त्यानंतर ऑपरेशन केलं तरी तिचं दूध लगेच आटत नाही, कारण दूध मेंदूतल्या ग्रंथीच्या संप्रेरकावर चालतं, बीजकोशावर नाही.

‘एकदा तरी आई होऊ दे की तिला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! घरच्या मांजरीबद्दलही ऐकलंय. आई होण्याची हौस आपली असते, तिच्या शरीराला त्याचा काही फायदा नाही. उलट मांजरांमधल्या स्तनांच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून पाळीव मांजरीचं ऑपरेशन पाचव्या महिन्यातच उरकून टाका, पहिल्या माजाची वाट बघू नका.

आणि जागा एकच घेऊन ती पूर्ण करा. आठ मांजरांपैकी चौघांचं झालं आणि मंडळी थकली, तर उरलेल्या चौघांतल्या दोन माद्या तेवढ्याच खाण्यावर जास्त पिल्लं जगवतात आणि दोन वर्षांत सगळं मूळपदावर. दहा सोसायट्यांतली एकेक मांजर नेण्यापेक्षा एका सोसायटीतली सगळी नेणं जास्त उपयोगाचं. खर्चासाठी आधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आणि जवळच्या प्राणिमित्र संस्थेत विचारा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं हे रुग्णालय १८८३ पासून आहे आणि तिथे बैल-घोड्यांपेक्षा आता कुत्रीमांजरंच जास्त दिसतात.

काकूंनी खाऊ घालणं बंद करावं का? मुळीच नाही. खाऊ घालणाऱ्यावाचून मांजर पकडताच येत नाही. कोण नवीन आली, कोण लंगडते, कोणाचं पोट दिसतंय, हे काकूंनाच माहीत असतं. फक्त वेळ ठरवा, अर्ध्या तासात भांडी उचला, आणि बशीतलं दूध बंद करा.

दुधाचं काय बिघडलं?

लहानपणी गोष्टींतली मांजर डोळे मिटून दूध पिते, तिथून हे सुरू होतं. मांजराला दूध आवडतं हे खरंच आहे. पण आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य बहुतेक मांजरांत कमी होत जातं. मोठी मांजर जुलाबावर निभावते. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब म्हणजे अंगातलं पाणी संपणं. शिवाय मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे गाईच्या दुधावरचं पिल्लू पोट फुगवून उपाशीच राहतं. दुकानात मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती आणा.

पण त्याआधी: पिल्लू दिसलं की उचलू नका. आई शिकारीला गेली असेल, किंवा बिऱ्हाड हलवत असेल. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ते उगीच नाही. वास लागला, वावर वाढला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आणि उरलेलं एक पिल्लू आपल्याला ‘बेवारस’ वाटतं. लांब जाऊन काही तास थांबा. पिल्लांभोवती कणकेचं पातळ वर्तुळ भुरभुरून ठेवा. आई येऊन गेली तर पावलं उमटतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हेही खरं नाही.

आई नाहीच असं ठरलं, तर आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, त्याला नीट गिळताही येत नाही. तेव्हा पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पिल्लू हाताला उबदार लागलं की पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, आईला पीत असतं तसं पोटावरच राहू द्या. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने ढुंगण हळूहळू पुसा. आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते, तीन आठवड्यांपर्यंत ते आपलं आपण करू शकत नाही. डोळे मिटलेले असतील तर वय आठदहा दिवसांच्या आत, आणि मग दर दोनतीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठायची तयारी हवी. नसेल तर ज्याची आहे त्याच्याकडे लगेच द्या. त्यात कमीपणा नाही.

पिल्लू माणसाळायचा काळ दोन ते सात आठवड्यांचा. या दिवसांत रोज हाताळलेलं पिल्लू घरात रुळतं. ज्याला आयुष्यात माणसाचा हात लागला नाही अशा मोठ्या बोक्याला दया म्हणून फ्लॅटमध्ये आणून कोंडू नका. त्याचं घर जिन्याखालीच आहे.

पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. इंजिन उबदार असतं.

घरात आणलीत तर

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचं एक द्रव्य त्याला पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय ढिलं पडतं. ही दुसरी गोष्ट कळायला १९८७ साल उजाडलं; त्याआधी तयार खाद्य खाणारी मांजरंसुद्धा हृदयविकाराने मरत होती, कारण त्यात टॉरीन पुरेसं नव्हतं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व आपण बनवतो, मांजर बनवू शकत नाही. गोडाची चवही त्याला कळत नाही. तेव्हा दूधपोळीवर ‘वर्षानुवर्षं छान’ राहिलेलं आजोळचं मांजर आठवत असेल, तर ते मधल्या वेळेत उंदीर-पाली खात होतं हेही आठवा. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. घरात मांसाहार अजिबात चालत नसेल तर मांजराऐवजी ससा पाळलेला बरा, असं मी स्पष्टच सांगते.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्यामुळे मांजर पाणी कमी पितं आणि लघवी घट्ट करतं. नुसतं कोरडं खाद्य दिलं की हे आणखी वाढतं. रोज थोडं ओलं खाणं द्या, उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी द्या, आणि पाण्याचं भांडं जेवणापासून दूर ठेवा.

बोका पाळणाऱ्याने हा परिच्छेद फ्रिजवर चिकटवावा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. तिच्यात खडा किंवा चिकट गोळा अडकला तर तो वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि ट्रे कोरडाच राहतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. एरंडेल शोधतात, सोमवारपर्यंत थांबतात. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एकदोन दिवसांचा खेळ. आमचा बोका रविवारी दुपारी असा बसला, मीही तासभर बद्धकोष्ठच समजत होते. रात्रीच्या आत नळी घातली म्हणून वाचला.

दुखतंय हे मांजर सांगत नाही, घुरघुरतं तर दुखत असतानाही. खाणं सोडणं ही खूण धरा. लठ्ठ मांजर दोनतीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होऊ लागतं. आणि घरातल्या गोळ्या कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल तर नाहीच: माणसाच्या तापाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती निष्प्रभ करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात जवळपास नाहीच. कुत्र्याच्या गोचिडाचं परमेथ्रिन असलेलं औषध, फरशीवरचं फिनाइल, कुंडीतली लिली, हेही त्याच यादीत.

लशींचं थोडक्यात. सहाआठ आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतराने सर्दी आणि पॅनल्युकोपेनिया (पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणारा विषाणूचा रोग) यांची लस, आणि तीन महिन्यांनंतर रेबीज. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जागेवर वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणून घरात एक पिल्लू त्याने गेलं तर लगेच दुसरं आणू नका. रस्त्यावरचं मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीज कुत्र्यापुरता नाही.

खिडक्यांना भक्कम जाळी लावा. ‘मांजर कुठूनही पडलं तरी पायावर उभं राहतं’ हे अर्धं खरं आहे. पायावर पडतं, आणि बरेचदा जबडा, छाती, पाय मोडून घेतं. कबुतरांची नायलॉनची जाळी पुरत नाही, ती दातांनी तुटते.

शेवटी एक प्रसंग, ज्यात बरीच घरची मांजरं एका दिवसात रस्त्यावरची होतात. सुनेला दिवस गेले की कोणीतरी टॉक्सोप्लाझ्माचं, म्हणजे पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या एका जंतूचं, नाव काढतं आणि मांजर पोत्यात जातं. हा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे खरं. पण मांजर तो सहसा आयुष्यात एकदाच, लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं, आणि विष्ठेतला जंतू बाधा करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ झाला, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणी केला, तर धोका फारच थोडा. माणसांना लागण जास्त करून अर्धकच्च्या मांसातून आणि मातीतून होते. तेव्हा मटण नीट शिजवा, कुंड्यांत हात घालताना मोजे घाला, आणि कोथिंबीर धुताना घाई करू नका. घरात मांजर नसलं तरीही.